माझ्यासमक्ष

नोटरी व्हायचंय, हे मनकर्णा उजगरेनं पहिल्यांदा बोलून दाखवलं ते सुंदरराव वकिलांना. बीडच्या कोर्टात ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. वाटणीचे दावे, पोटगी, वारसाचे अर्ज, जे येईल ते काम ती करायची. सुंदरराव स्वतः जुने नोटरी. तहसीलच्या आवारात लिंबाखाली त्यांचं टेबल होतं आणि त्यापुढं कायम माणसांचा घोळका.

"दहा वर्षं वकिली व्हावी लागते त्याला," सुंदरराव पानाला चुना लावत म्हणाले. "तुझी आठच झालीत. दोन वर्षं कळ काढ."

घरी जाऊन मनकर्णानं नोटरीचे नियम मुळातून वाचले. बाई असेल किंवा मागासवर्गीय असेल तर सात वर्षं पुरतात, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ती दोन्ही होती. दुसऱ्या दिवशी तिनं ते पान सुंदररावांपुढं धरलं. त्यांनी चष्मा खाली ओढून दोनदा वाचलं.

"मी अर्ज केला तवा हे वाचायची मला गरजच पडली न्हाई," ते हसून म्हणाले. "कर अर्ज. बिनधास्त कर."

अर्जाखाली इतरांच्याही सह्या लागत होत्या. एक न्यायदंडाधिकारी, एक बँकेचा मॅनेजर, एक व्यापारी आणि त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी. पहिल्या तीन सह्या कोर्टाच्या ओळखीनं झाल्या. ‘प्रतिष्ठित रहिवासी’ या दोन शब्दांपाशी मात्र ती अडली. तिच्या गावच्या बौद्ध वस्तीतले सगळे ज्यांच्याकडं सल्ल्याला जात, ते निवृत्त मास्तर तिच्या मनात पहिले होते. त्यांनी सही केली. दुसऱ्या सहीसाठी ती गावातल्या आबासाहेबांकडं गेली.

लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या कडेला तिचं गाव. आबासाहेब तिथल्या दूध संस्थेचे सुरुवातीपासूनचे चेअरमन. संस्थेचे दुधाचे कॅन टेम्पोत चढवायचं काम मनकर्णाचे वडील मरेपर्यंत करत होते. सभासद मात्र ते कधी झाले नाहीत. वस्तीतलं कुणीच झालं नव्हतं. होऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि व्हा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आबासाहेबांनी अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि तिथल्या तिथं सही केली.

"वाचा तरी आबा," ती म्हणाली.

"काय वाचायचं? तुला मी शाळेत जाताना बघितलंय. आपल्या गावची पोरगी सरकारी शिक्का मारणार म्हणल्यावर मला कावून आवडणार न्हाई?" त्यांनी आत बघून चहा सांगितला आणि ती जाईपर्यंत ओसरीवर तिच्याशी बोलत बसले. त्या घराच्या ओसरीवर खुर्चीत बसायची तिची ती पहिलीच वेळ होती. तिनं ते घरी आईला सांगितलं. सिंधुबाई एवढंच म्हणाली, "चहा गोड होता का?"

नेमणुकीला वेळ लागला. हरकती मागवल्या गेल्या, मुलाखत झाली, मग पुन्हा नुसती वाट बघणं. शेवटी प्रमाणपत्र आलं. पाच वर्षांसाठी, कार्यक्षेत्र बीड तालुका. तिनं नियमात सांगितलेल्या मापाचा गोल शिक्का करून घेतला, नोंदवही बांधून घेतली, नोटरीची तिकिटं आणली. तिचा भाऊ त्रिंबक मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर हिशेब बघायचा. त्याला मांजरसुंब्याच्या चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लावायचा होता.

"वकिलाला जाहिरात चालत न्हाई, त्रिंबक."

"अगं, समदे लावतात."

"समद्यांनी लावू दे. मला नावाची साधी पाटी बास."

सुंदररावांपासून बऱ्याच अंतरावर, पत्र्याच्या एका शेडखाली तिनं टेबल मांडलं. पहिले काही महिने जड गेले. भाडेकरार, नावातल्या बदलाची प्रतिज्ञापत्रं, कॉलेजातल्या पोरांचे कागद, असं किरकोळ काम यायचं. त्यातही ती ओळखपत्र मागायची, सही समोर करायला लावायची. अंगठा देणारा असला तर सगळा कागद वाचून दाखवायची. लोक वैतागायचे. एकानं तर कागद तिच्या हातातून ओढून घेतला. "तिकडं सुंदररावांकडं माणूस न्हाई आला तरी चालतंय, अन् तुमच्याकडं बापाला खाटंवरून उठवून आणा म्हणता!" तो गेला. तिला वाईट वाटलं, कारण त्याचा बाप खरंच आजारी असावा. "मी घरी येते, मला चालतं तसं," असं ती मागून म्हणाली, पण तोवर तो लिंबाखाली पोचला होता.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला. कपिलधारच्या धबधब्याच्या जागी दगडावर नुसती ओली रेघ उरली. मांजरसुंब्याच्या धाब्यांवर हात धुवायच्या पाण्यावरून भांडणं व्हायला लागली. दिवाळीआधीच माणसं ट्रकात बसून ऊसतोडीला गेली, नवरा-बायको जोडीनं. म्हातारी माणसं आणि जनावरं मागं राहिली. कडबा संपला तशी लोकांनी जनावरं बाजारात न्यायला सुरुवात केली.

दूध संस्थेला गावात चारा छावणी चालवायची होती. तहसीलची अट अशी, की किमान तीनशे जनावरं पाहिजेत, आणि कुणाची किती जनावरं छावणीत येणार याचं प्रत्येकाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पाहिजे. आठवड्याच्या आत.

सोमवारी दुपारी आबासाहेब मनकर्णाच्या शेडखाली आले. उन्हानं चेहरा काळवंडला होता. त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येक कागदाखाली अंगठा आधीच उमटलेला.

"एवढे शिक्के मारून दे, मनकर्णा. संध्याकाळपर्यंत तहसीलात टाकतो."

तिनं वरचे काही कागद चाळले. "आबा, ही माणसं कुठं हायेत?"

"कुठं असणार? उसाला. निम्मी कर्नाटकात, निम्मी कोल्हापूरकडं."

"मग अंगठे कुणी दिले?"

आबासाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "गावाचं काम हाय. कुणाला लुबाडायचं न्हाई. जनावरं मरायलीत."

"मला दिसतंय आबा. पण या कागदावर मी लिहिणार की हा माणूस माझ्यासमक्ष आला, मी त्याला वाचून दाखवलं, त्यानं शपथ घेतली. यातलं एक तरी खरं हाय का?"

"मी तुझ्या अर्जावर सही केली, तवा विचारलं का मी असं?"

त्या सहीशिवाय हे टेबल नसतं, हे तिला ठाऊक होतं.

"तुमी मला लहानपणापासून ओळखत होता आबा. तुमची सही खरीच होती. या अंगठ्यांना मी ओळखत न्हाई."

आबासाहेबांनी गठ्ठा उचलला. रागानं नाही, थकून. ते आवार ओलांडून लिंबाखाली सुंदररावांकडं गेले. मनकर्णा समोरच्या माणसाचा भाडेकरार वाचायला लागली, पण तिचं लक्ष तिकडंच होतं. सुंदररावांनी शिक्का हातात घेतलेला तिला दिसला. एक कागद त्यांनी बाजूला केला, दुसरा केला, मग तिसरा उचलून डोळ्यांजवळ नेला. मग शिक्का खाली ठेवला आणि हात वर करून तिला बोलावलं.

ती गेली तेव्हा सुंदरराव हळू आवाजात म्हणत होते, "आबासाहेब, मी लई ढिला माणूस हाय. साऱ्या बीडला ठावं हाय. पण हे सगळे अंगठे एकाच बोटाचे हायेत हो. चिरलेल्या बोटाचे. सगळ्यांवर आडवी रेघ."

आबासाहेब लिंबाच्या पारावर बसले. "संस्थेच्या सेक्रेटरीचा हाय," ते म्हणाले. "विळा लागलाय त्याला. मीच म्हणलं, दे मारून. काय करू? कुठून आणू एवढी माणसं?"

सुंदररावांनी तांब्यातलं पाणी पुढं केलं.

मनकर्णानं गठ्ठ्यातला एक कागद घेतला आणि पुन्हा वाचला. मग विचारलं, "आबा, हे लोक उसाला गेले. मग त्यांच्या जनावरांना वैरण कोण घालतंय?"

"म्हातारे. म्हाताऱ्या. अजून कोण?"

"मग जनावरं छावणीत आणणार कोण?"

आबासाहेबांनी मान वर केली.

ती तशीच तहसीलात गेली. नायब तहसीलदारांनी शासनाचा आदेश काढून बघितला. जनावर ज्याच्या ताब्यात आहे आणि जो ते छावणीत आणणार आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र चालेल असं त्यात होतं. नाव मालकाचंच पाहिजे असं कुठं नव्हतं. तिनं आदेशाची प्रत मागून घेतली आणि बाहेर आली.

"त्या म्हाताऱ्यांना बीडला कसं आणायचं?" आबासाहेबांनी विचारलं.

"आणायचं कशाला? गाव बीड तालुक्यात हाय. मीच येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिक्का, शाईचं पॅड आणि नोंदवही घेऊन पहिल्या एसटीनं गावात उतरली. दूध संस्थेच्या खोलीत तिच्यासाठी टेबल मांडलं होतं. बाहेर पत्र्याच्या सावलीत म्हातारे-म्हाताऱ्या बसल्या होत्या. काही जणी पाठीतून वाकल्यापासून गल्लीच्या बाहेर पडल्या नव्हत्या. त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून आणलं होतं.

पहिली चतुराबाई आली. आबासाहेबांचीच थोरली बहीण, नवरा गेल्यापासून माहेरी राहिलेली. मनकर्णानं आधार कार्ड बघितलं आणि कागद पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चतुराबाई ऐकत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "संपलं? अजून वाच की. माझ्या नावानं काय काय लिहिलंय ते आजवर कुणी मला वाचून दाखवलं न्हाई. जमिनीचे कागद झाले तवा बी न्हाई." भावाकडं न बघता तिनं अंगठा दिला.

मग छबुबाई. पोरगा आणि सून कर्नाटकात, घरी नातू आणि ही. मनकर्णा वाचत होती, "...माझ्या ताब्यात एकूण पाच जनावरं..."

"थांब," छबुबाई म्हणाली. "पाच कुठली? दोन हायेत. तीन पंचमीच्या बाजारात विकली."

सेक्रेटरी दारातून म्हणाला, "ऱ्हाऊ दे की आज्जे. जुन्या पशुगणनेचा आकडा हाय. जास्त लिहिलं तर चारा जास्त यील."

"का रं? विकलेली जनावरं येणारेत का खायला?" छबुबाई मनकर्णाकडं वळली. "पोरी, तू मला आत्ता काय म्हणलीस? शपथ घ्यायची म्हणलीस ना?"

"हो आज्जी."

"मग दोनच लिही."

मनकर्णानं आकडा खोडला, नवा लिहिला, शेजारी छोटी सही केली. खोलीच्या दारात बसलेल्यांनी ते ऐकलं होतं. त्यानंतर प्रत्येकजण आपला आकडा सांगायला लागला. कुणाचा बैल मेलेला, कुणाची कालवड पाहुण्यांकडं पाठवलेली. खोटं बोलायचं कुणाच्याच मनात नव्हतं. त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

दुपारी सेक्रेटरीनं बेरीज केली. तीनशेला बरीच जनावरं कमी पडत होती.

छावणी मंजूर होणार नव्हती, आणि त्याला कारण मनकर्णाचं वाचून दाखवणं होतं. कुणी बोलून दाखवलं नाही, तरी सेक्रेटरीच्या नजरेत ते होतं. आपण बरोबर वागलो हे मनकर्णाला कळत होतं, पण बाहेर दावणीला बांधलेल्या गाईच्या बरगड्याही तिला दिसत होत्या.

"अन् वस्तीतली जनावरं?" छबुबाईनं विचारलं. ती अजून गेली नव्हती, भिंतीला टेकून बसली होती. "तिकडं बी गाई-म्हशी हायेत. त्यांना भूक लागत न्हाई व्हय?"

सेक्रेटरी म्हणाला, "ते सभासद न्हाईत संस्थेचे."

आबासाहेबांनी मनकर्णाकडं बघितलं. "तसा नियम हाय का गं? सभासदच पाहिजे म्हणून?"

मनकर्णानं कागद पुढं सरकवला. "आबा, मी यात काय सांगू? माझ्या मायची गाय हाय तिकडं. मी बोलले तर घरचं बोलल्यासारखं व्हईल. हा आदेश हाय. तुमी वाचा."

आबासाहेबांनी चष्मा लावला आणि आदेश सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला. सभासदाचा शब्द त्यात कुठंच नव्हता. परिसरातली सर्व जनावरं, असं होतं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठले. सेक्रेटरी मागून निघाला, तर म्हणाले, "तू थांब. मी जातो."

वस्तीत काय झालं ते मनकर्णाला नंतर आईकडून कळलं. आबासाहेब समाजमंदिराच्या पायरीपाशी उभे राहिले. लोक जमले. मग म्हाळूनं विचारलं. म्हाळू गवंडीकाम करायचा, दोन म्हशी होत्या त्याच्या.

"आज कशी आठवण आली, आबा?"

"गरज पडली म्हणून आलो," आबासाहेब म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तुमच्या जनावरांबिगर छावणी हुत न्हाई. आधी यायला पायजे होतं. आलो न्हाई."

"छावणी झाली की आमच्या जनावरांना कडंला बांधायचं न्हाई," म्हाळू म्हणाला. "येतील तशी बांधायची. पाणी बी एकाच टाकीवर."

"कबूल."

"मग येतो."

दुपारनंतर संस्थेच्या दारात दुसरी रांग लागली. मनकर्णाच्या नात्यातली, ओळखीची माणसं. तिनं प्रत्येकाचं ओळखपत्र तसंच मागितलं. म्हाळू हसला, "मला बी कार्ड मागतीस?" तिनं त्यालाही सगळा कागद वाचून दाखवला. वाचून वाचून तिचा आवाज बसला. चतुराबाईनं घरून गूळ आणि पाणी पाठवलं. शेवटी आकडा तीनशेच्या थोडा वर गेला.

रांगेत सगळ्यात मागं सिंधुबाई होती. धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून आली होती. मनकर्णानं पेन खाली ठेवलं.

"माय, तुझा कागद मी न्हाई करू शकत."

"कावून?"

"तू माझी माय हायेस म्हणून. घरच्या माणसाचा कागद आपण करायचा नसतो. उद्या कुणी बोट दाखवलं तर सगळ्यांचेच कागद अडकतील."

सिंधुबाईचा चेहरा उतरला. "साऱ्या गावाचं केलंस. माझ्याच गाईचं न्हाई?"

आबासाहेब मधे पडले, "बाई, तुमची पोरगी माझं बी ऐकत न्हाई." लोक हसले. सिंधुबाई हसली नाही, पण निघूनही गेली नाही. लेकीनं सामान आवरेपर्यंत दाराशी उभी राहिली आणि नोंदवहीची पिशवी स्वतः उचलली.

सकाळी दोघी एसटीनं बीडला आल्या. मनकर्णानं आईला सुंदररावांच्या टेबलापाशी सोडलं आणि आपल्या शेडखाली जाऊन बसली. सुंदररावांनी सवयीनं शिक्का उचलला.

"आधी वाचा," सिंधुबाई म्हणाली.

"अहो बाई, मला माहीत हाय काय लिहिलंय ते."

"मला न्हाई ना माहीत. माझी पोरगी साऱ्यांना वाचून दाखवती."

सुंदररावांनी घसा साफ केला आणि कोर्टात वाचावं तसा कागद वाचला. रांगेतली माणसंही ऐकायला लागली. गाईचं वय पाच वर्षं असं आलं तेव्हा सिंधुबाईनं थांबवलं. "सात. माझ्या दारातच जन्मली ती." त्यांनी खोडून सात केलं. तिचं झाल्यावर रांगेतला पुढचा माणूस म्हणाला, "वकीलसाहेब, माझा बी वाचा." सुंदररावांनी दूर शेडखाली बसलेल्या मनकर्णाकडं बघून कपाळाला हात लावला, पण वाचला.

छावणी मंजूर झाली. गावाच्या गायरानात मांडव पडले, चाऱ्यासाठी उसाच्या वाढ्याचे ट्रक यायला लागले, टँकरनं एकच मोठी टाकी भरायला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी दोन-तीन जणांनी वस्तीतल्या जनावरांशेजारून आपली जनावरं सोडून दुसरीकडं बांधली. आबासाहेब तिथं खुर्ची टाकून बसले आणि काही न बोलता बसूनच राहिले. संध्याकाळी ती जनावरं परत आली, कारण सावली तिथंच होती. मार्चअखेरीस संस्थेच्या सभेत वस्तीतल्या जनावरवाल्यांना सभासद करून घ्यायचा ठराव आबासाहेबांनी मांडला. काहींनी विरोध केला. हात मोजले गेले आणि ठराव थोडक्यात पास झाला.

मनकर्णाच्या शेडखाली आता गर्दी असते असं नाही. पण ज्यांना कागद समजून घ्यायचा असतो ते तिच्याकडं येतात. बऱ्याचदा त्या बायका असतात. ज्यांच्या घरी उठता न येणारं माणूस असतं त्यांच्याकडं ती रविवारी जाते.

एका रविवारी ती छावणीत गेली. आईशी निवांत बोलावं असं तिच्या मनात होतं. सिंधुबाई पाण्याच्या टाकीपाशी होती. एका हातात गाईचं दावं, दुसरा हात कमरेवर. समोर छबुबाई तिच्या दोन जनावरांना घेऊन उभी. आधी कुणाचा नंबर यावरून दोघींची जुंपली होती.

"माय," मनकर्णानं हाक मारली.

"थांब गं जरा," सिंधुबाई मागं न बघता म्हणाली, "हिचं आधी मिटवू दे."